खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल

मला बसता येत नाही. म्हणजे तसा काही रोग नाही. मणका शाबूत आहे, गुडघेही वयाच्या मानाने बरे आहेत. पण एका जागी टेकलो की थोड्याच वेळात पायांना मुंग्या येतात आणि मी उठून काहीतरी शोधायला लागतो. काय शोधतोय ते बहुतेक वेळा मलाही ठाऊक नसतं. आई म्हणायची, "याना पायले भिंगरी शे." बायको आजही तेच म्हणते, फक्त जरा कमी मायेने. आणि अशा माणसाने उभा जन्म कुणाच्या संगतीत काढावा, तर ज्यांना उठता येत नाही अशांच्या! देवाला थट्टेची हौस असली पाहिजे.

धुळ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॅलिपरचं वर्कशॉप होतं. पोलिओने पाय लुळा पडला की त्याला दोन बाजूंनी लोखंडी सळ्या, गुडघ्याला कुलूप, मांडीला चामड्याचे पट्टे आणि खाली जाड तळाचा बूट लावतात, त्याला कॅलिपर म्हणतात. याखेरीज कुबड्या, पाठीचे पट्टे, चाकाच्या खुर्च्यांची दुरुस्ती. काम बारा भानगडींचं, पण सूत्र एकच: शरीर जिथे ढासळतं तिथे आधार द्यायचा. सापडेल तिथे आधार, जमेल तितका आधार. माझ्या हाताला तीच सवय लागली होती.

नव्वदच्या आसपास अपंगांची तिरंदाजी माझ्या दारात आली आणि या सवयीची पंचाईत झाली.

पहिला आला गुलाब. पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा तरणा गडी. उसाच्या चरकात उजवा हात कोपरापर्यंत गेलेला. बापजाद्यांपासून घरात तीरकमठा, म्हणून डाव्या हाताने कमठा धरायचा आणि दोरी दातांनी ओढायची, असं त्याने आपलं आपण बसवलं होतं. जळगावला अपंगांसाठी स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा एका क्रीडाशिक्षकाने त्याला माझ्याकडे धाडलं. नियम असा होता की दोरीला चावायची पट्टी लावलेली चालेल, पण खटका दाबला की बाण सुटला असलं यंत्र त्याला चालणार नाही. दोरी त्याने ओढायची आणि त्यानेच सोडायची.

मी ऐटीत बुटाच्या वरच्या चामड्याची सुबक पट्टी करून दिली. गुलाबने ती दातात धरली आणि माझ्या उंबऱ्यावर थुंकला.

"भाऊ, हाई कातडं बैल बी चावाव नही."

कारखान्यातलं रसायन लावलेलं चामडं ते, कडूजहर असणारच. मग मी दुकानातलं एकेक चामडं स्वतः चावून बघायला लागलो. गिऱ्हाईक दारात, आणि मी खिळ्यांच्या डब्याशी उभा राहून चामडं चघळतोय! गल्लीत बोभाटा झाला की मिस्तरीच्या घरी भाकरी मिळत नाही. शेवटी बाभळीच्या सालीत कमावलेलं देशी चामडं त्याला रुचलं. दोरी ताणताना त्याच्या मानेच्या शिरा अशा फुगायच्या की मीच डोळे मिटून घ्यायचो.

"दात मना शेतस," तो म्हणायचा, "तू काबर घाबरस?"

गुलाबपायी मला नियमपत्रक वाचायची गोडी लागली. वाचता वाचता कळलं की ज्याने कुणी ते लिहिलं त्याने माझ्याच धंद्याचा विचार माझ्यापेक्षा पुढे नेला आहे. आधार माणसाला द्यायचा, बाणाला नाही. कंबर सांभाळा, पाय बांधा, पकड नसेल तर कमठा हाताला पट्टीने बांधा. पण कमठा धरलेल्या हाताला खालून काही टेकू नये आणि खुर्चीची पाठ बगलेच्या बरीच खाली राहावी. छातीला पट्टा हवा असेल तर ज्याचं धड खरंच सावरत नाही त्यालाच, आणि तसं डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं असेल तरच. मला पट्ट्यांतलं कळतं म्हणून जळगावकरांनी मला साहित्य तपासनीस केलं. छातीला बिल्ला लावून मैदानभर हिंडायचं काम. एवढं माझ्या प्रकृतीला मानवणारं काम मला उभ्या आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

पिंप्राळ्याच्या एका कापडवाल्या शेठजींचा मुलगा चाकाच्या खुर्चीवरून तीर मारायचा. शेठजींनी सुताराकडून खुर्चीला पेढीसारखी गादी आणि दोन्ही बाजूंना चक्क लोड बसवून आणले. पांढऱ्या शुभ्र अभ्र्यांचे. मी म्हणालो, "शेठजी, मुलाचा हात लोडावर टेकतोय. लोड काढावे लागतील."

"अहो, लोडाला टेकल्याशिवाय आमच्यात कुणी बसतं का?"

"तुम्ही टेका. नेम धरणाऱ्याने नाही टेकायचं."

शेठजी फुणफुणत लोड घेऊन गेले, मैदानाच्या कडेला त्यांवर स्वतः रेलले आणि मुलाचा पहिला बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसल्यावर उठून इतक्या जोरात टाळ्या वाजवायला लागले की त्यांनाच गप्प करावं लागलं. मुलगा खाली मान घालून हसत होता.

आता सुपडूचं सांगतो. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. बसलो म्हणजे चार वेळा उठून.

सुपडू पाटील मूळचा सोनगीरचा, वीज खात्यात लाइनमन. खांबावर चढताना कमरेला पट्टा बांधायचा असतो, पण लाइनमन लोकांत एक मिजास असते. पट्टा नवशिक्यांनी बांधायचा; मुरलेला गडी एक हात तारेला, दुसरा बिडीला. सुपडू मुरलेला होता. एका दुपारी खांबावरून पडला आणि छातीखालचं अंग कायमचं गेलं. खात्याने माणुसकी दाखवली, धुळ्याच्या कचेरीत टेबलाचं काम दिलं. अट एकच, डॉक्टरांनी 'बसून काम करण्यास योग्य' असं लिहून द्यायचं. डॉक्टरांनी तपासलं, सुपडू ताठ बसला, नोकरी टिकली. बायको इंदूबाई आणि दोन लहान मुली त्या नोकरीवर जगत होत्या.

तो माझ्याकडे खुर्चीची चाकं सरळ करायला आला तेव्हाच दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या. पहिली, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पांढरा टॉवेल. सरकारी कचेरीत मोठ्या साहेबाच्या खुर्चीवर असतो तसा.

"काय पाटीलसाहेब!" मी चिडवलं.

"साहेब काही मी व्हत नही," तो हसला, "टॉवेल तं लाई ल्हेऊ दे."

दुसरी गोष्ट, कुठेही गेला तरी म्हणायचा, "माले भितपाशी बसाड." पाठ भिंतीला लागली की निवांत व्हायचा. कचेरीतही म्हणे पंखा सोडून, खिडकी सोडून त्याने भिंतीलगतची जागा मागून घेतली होती. मला वाटलं, उंचावरून पडलेला माणूस, पाठीमागे मोकळं असलं की धास्तावत असेल.

माझ्याकडे गुलाबचा कमठा बघून त्याला तिरंदाजीचं वेड लागलं. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "टेबलपाईन भितलगून, इतलीच मनी नजर ऱ्हायनी. आठे तं बठ्ठं मैदान शे." टेबलापासून भिंतीपर्यंत कोंडलेल्या त्या नजरेला मोकळं मैदान हवं होतं. मग मीच त्याला शिकवणाऱ्यांकडे नेलं. छातीसाठी मऊ चामड्याचा पट्टा करून दिला, पितळी बकलाचा, माझ्या हातून झालेल्या उत्तम कामांपैकी एक. त्याने तो दुसऱ्याच दिवशी परत केला. "माले नही लागाव, भाऊ." आणि खरोखरच तो पट्ट्याविना ताठ बसून तीर सोडायचा. मला नवल वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, पट्टा परत आल्याचं थोडं वाईटही वाटलं.

स्पर्धेआधी डॉक्टर प्रत्येक खेळाडूला तपासून वर्ग ठरवतात. पुढून ढकलतात, बाजूने ढकलतात, हात पसरायला लावतात, धड किती सावरतं ते बघतात. इथे जो तो आपलं दुखणं वाढवून दाखवायला बघतो, म्हणजे जास्त सवलतीचा वर्ग मिळतो. डॉक्टरही पक्के असतात, सोंग घेणारा ओळखतात. पण कुणी उलटं सोंग घेईल, आहे त्यापेक्षा धडधाकट असल्याचं, ही शंका कुणाला येणार? सुपडूला तपासायला नेमके तेच डॉक्टर होते ज्यांनी त्याला नोकरीसाठी योग्य ठरवलं होतं. त्यांनी शर्टावरूनच खांदे ढकलून पाहिले. सुपडू खांबासारखा बसून राहिला. कार्डावर लिहिलं गेलं: धड सावरतं, पट्ट्याची परवानगी नाही.

राज्याच्या संघाची निवड जळगावला होती. फाल्गुनातलं उन्हाळी वारं, मैदानावर धुळीच्या भिंगऱ्या. गवताच्या टार्गेटांवरचे कागद फडफडत होते. मंडपात पाहुणे म्हणून सुपडूच्या कचेरीचे साहेब आले होते, कारण खात्याचा माणूस निवडीला उभा. सोबत निम्मी कचेरी आणि हारांची टोपली. मी नेहमीप्रमाणे येरझाऱ्या घालत एकेक खुर्ची तपासत होतो. सुपडूपाशी आलो. तिरंदाजीच्या रेषेवर भिंत नसते. पंच मागे, पाहुणे मागे, अख्खं गाव मागे. तो घामाघूम झाला होता, आणि टॉवेल मात्र पाठीवर तसाच कोरडा.

"टॉवेल काढ रे, पाठीची उंची बघायची आहे."

"ऱ्हाऊ दे ना, भाऊ."

मी कसला राहू देतोय. टॉवेल उचलला. शर्टाच्या पाठीला दोन काप होते, काजं शिवतात तसे नीट शिवलेले. त्यांतून लुगड्याच्या पट्टीची दोन टोकं बाहेर आली होती, हिरवी, तांबड्या काठाची, आणि खुर्चीच्या दांड्याला करकचून गाठ मारलेली होती.  मग सगळं एकदम उमगलं. भिंत, टॉवेल, परत केलेला पट्टा, तपासणीतला ताठा. हा माणूस रोज सकाळी शर्टाखालून बांधला जात होता आणि दिवसभर कचेरीत तसाच बसत होता.

प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीच्या पलीकडे उभ्या इंदूबाईंकडे मी पाहिलं. त्यांनी मान वळवली.

"सुपडू, डॉक्टरांना सांग. वर्ग बदलून देतील. पट्टा मिळेल तुला."

"आन साहेबले काय सांगू?" तो ओठ न हलवता बोलला. "बसता येत नही आसं कागदवर उनं तं टेबल गया. मन्या पोरी काय खातीन? तू गाठ सोडी दे. मी तसाच बससू."

"पडशील."

"पडसू तं पडसू."

त्याच्या वर्गाला पट्टा चालत नव्हता, म्हणजे गाठ सोडणं हेच माझं काम. मी सोडली. ती पट्टी घामाने ओली होती, मी ती खिशात कोंबली. मला राग आला होता, इतका की कुणावर काढावा ते कळेना. ज्या नियमांचं मी गावभर कौतुक करत हिंडायचो ते नियम बरोबर होते. साहेबही चांगला माणूस, हार घेऊन आलेला. सुपडूचं भयही खरं. मग चुकलं कुणाचं? मी रेषेच्या मागे इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिलो.

पहिले काही बाण त्याने कसे मारले देव जाणे. कमठा ताणलेला असतो तोवर दोन्हीकडची ओढ माणसाला थोडीफार धरून ठेवते. बाण सुटला की ती ओढ जाते आणि सावरायला स्वतःचं धड लागतं. प्रत्येक बाणानंतर सुपडू झुकायचा, कोपर मांडीवर रोवून कसाबसा सरळ व्हायचा, आणि लोकांना वाटायचं बाण कुठे लागला ते वाकून बघतोय.

त्यातच वाऱ्याचा झोत आला. बाण सुटला आणि सुपडू पुढे गेला तो गेलाच. तोंड गुडघ्यांवर, एक हात लोंबकळलेला, कमठा धुळीत.  मी धावलो, इंदूबाई दोरीखालून धावल्या, मंडपातून दोघंतिघं उठले.

"कोन्ही हात लावू नका."

आवाज गुडघ्यांमधून आला, पण स्पष्ट आला. मी हात तसेच हवेत धरून थांबलो.

"भाऊ, डॉक्टरले बलाव. मी कसा शे ते दखू दे त्यासले."

डॉक्टर येईपर्यंत तो तसाच पडून राहिला. इंदूबाई शेजारी उभ्या, पदर तोंडात धरून. साहेब मंडपातून उतरून दहा पावलांवर येऊन थांबले होते. त्याला ते दिसत नव्हते, पण ते तिथे आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो पडून राहिला होता. त्याच्याइतकं स्थिर मी कुणाला पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी त्याला उठवलं, शर्ट काढायला लावला, खांद्याला नुसतं बोट लावलं. सुपडू कलंडला.

"पाटील, अहो, त्या दिवशी तर तुम्ही ताठ बसला होता!"

"त्या दिवशी माझी नोकरी बसली होती डॉक्टर. मी नव्हतो."

डॉक्टरांनी कार्ड मागून घेतलं आणि वर्ग बदलला. माझा पितळी बकलाचा पट्टा धुळ्याला राहिला होता. मी खिशातली हिरवी पट्टी काढून इंदूबाईंच्या हातात दिली. त्यांनी सुपडूला शर्ट चढवला आणि या वेळी ती शर्टावरून बांधली, सगळ्यांसमोर, आणि गाठ आवळताना पुटपुटल्या, "खांबावर बांधता तं आठे मी कसाले बांधती?" सुपडू हसला. मला रडू आलं, ते मी धुळीवर ढकललं.

साहेब पुढे आले. हात मागे बांधलेले. "पाटील, ऑफिसातही हे असंच?"

"हो साहेब."

"किती वर्षं?"

"बठ्ठी, साहेब." म्हणजे सगळीच्या सगळी.

साहेब मंडपाकडे वळले, मंडपात न बसता जीपकडे गेले. हारांची टोपली तशीच राहिली.

उरलेले बाण सुपडूने मारले. माझं पुन्हा इकडून तिकडे सुरू झालं होतं. त्याने मागे न बघता सांगितलं, "भाऊ, तू खाले बस. तू फिरस तं मना नेम हालस." मी तिथेच धुळीत मांडी घातली आणि शेवटचा बाण सुटेपर्यंत हललो नाही. त्या बाणांतले बरेच पिवळ्यात गेले. पण आधीचे बाण हिशेबात होतेच. निवड दुसऱ्याची झाली. ते मला आजही बोचतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पितळी बकलाचा पट्टा मी त्याला नेऊन दिला आणि मग दिवसाआड त्याच्या घरी डोकवायचो. काही कळलं का? नाही. साहेब काही म्हणाले? नाही. सुपडू रोज कचेरीत जाऊन येत होता, इतकंच. इंदूबाई शिवणाची मशीन मिळेल का म्हणून विचारत होत्या. मी वर्कशॉपात एक कॅलिपर दोनदा उलट्या पायाचं केलं.

शेवटी राहवेना, म्हणून विजेच्या बिलाची तक्रार आहे असं सांगून मी कचेरीतच गेलो. भिंतीलगतचं टेबल रिकामं होतं. त्यावर फायली रचलेल्या.  शिपायाला विचारलं, पाटील कुठे?

"ते काय," त्याने हाताने दाखवलं. "साहेबांनी परवा टेबल हलवायला सांगितलं. तिथे उजेड नव्हता म्हणे."

खोलीच्या मधोमध, खिडकीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून सुपडू बसला होता. शर्टावरून माझा पट्टा, दांड्याला पितळी बकल चकाकत होतं. येणारी जाणारी माणसं त्याच्या पाठीमागून जात होती, एकाचा धक्काही लागला, तो लिहीतच राहिला. शर्टाच्या पाठीवरचे दोन्ही काप इंदूबाईंनी बारीक टाक्यांनी बुजवले होते. खुर्चीवर टॉवेल नव्हता. तो त्याच्या खांद्यावर होता, आणि मधूनच त्याने तो ओढून कपाळाचा घाम पुसला.

मी हाक मारली नाही. दाराशी शिपायाचं स्टूल होतं, त्यावर बसलो. बराच वेळ बसलो.